गाजलेल्या पुस्तकाच्या किती प्रती घ्याव्यात?

गणपतीला चाकरमानी गावी आले की वाचनालयात एकाच पुस्तकाची विचारणा सुरू होते आणि आपण त्याच्या चार-पाच प्रती घ्यायला हव्या होत्या, असे ग्रंथपालाला वाटू लागते. अशा वेळी लगेच मागणी नोंदवू नये. टेबलावर एक वही ठेवून विचारणाऱ्याचे नाव व तारीख लिहून घ्यावी आणि विसर्जनानंतर पंधरवड्याने ती पाहावी. बरीचशी नावे मुंबईला परतलेली असतात. गावातले दहा वाचक उरले तर दोन प्रती पुरतात, कारण पंधरा दिवसांच्या मुदतीने अडीच महिन्यांत सर्वांचा नंबर लागतो.

आम्ही एकदा हा हिशेब न करता एका कादंबरीच्या सहा प्रती घेतल्या. पहिल्या पावसाळ्यात त्या कपाटात ठरत नव्हत्या. तिसऱ्या पावसाळ्यात चार प्रतींच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरली होती. कोकणच्या दमट हवेत न फिरणारे पुस्तक नुसते पडून राहत नाही, ते नासते.

आता खरेदीच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च पहिल्या आवृत्तीवरच पडतो, तर पुनर्मुद्रणाला मुख्यतः कागद, छपाई आणि बांधणी लागते; म्हणून खपणारे पुस्तक पुन्हा छापणे हे नव्या लेखकाला उभे करण्यापेक्षा प्रकाशकाला निर्धोक वाटते. नवा कथासंग्रह हजारभर प्रतींचा, अलीकडे त्याहूनही कमी निघतो, तेव्हा वाचनालयांनी घेतलेल्या शे-दोनशे प्रतींनाही वजन येते. अर्थात गाजलेल्या पुस्तकाच्या मिळकतीवरच एखादा कवितासंग्रह निघत असतो, त्यामुळे ते घेऊच नये म्हणणारे मला हटवादी वाटतात.

उपाय जागा राखण्याचा आहे. हॅरी पॉटरच्या पुस्तकांनी खपाच्या यादीतल्या वरच्या जागा अडवल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने 2000 साली मुलांच्या पुस्तकांची वेगळी यादी सुरू केली होती. आपणही पुस्तकखरेदीची तरतूद हाती येताच, खपाच्या याद्या उघडण्यापूर्वी, तिचा तिसरा हिस्सा पहिल्या आवृत्त्यांसाठी बाजूला काढावा आणि तसा ठराव कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. नोंद नसली तर मार्चअखेरीस हा हिस्सा हमखास आटतो.

नंबर लागेपर्यंत वाचकाला मात्र रिकाम्या हाताने पाठवू नये. ऐतिहासिक कादंबरी मागणाऱ्याला त्याच काळावरचे एखादे चरित्र किंवा पत्रसंग्रह काढून द्यावा. लावणी आटोपल्यावर, पाऊस धरून बसलेला असताना, लोक जाड पुस्तकेही नेतात, हा आमचा अनुभव आहे. जादा प्रती शेजारच्या गावाला वाचायला देता येतात. फक्त दाखल नंबर, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक, टिपून, दोन्हीकडच्या सह्या घेतल्याशिवाय एकही प्रत दाराबाहेर जाऊ देऊ नये.