जुनी पत्र्याची पाटी कशी वाचवावी: आधी पोपडे, मग पाणी

दुकान बंद झालं, वाटण्या झाल्या आणि माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पाटी तुमच्या वाट्याला आली. आता शेजारचे काका म्हणतील चिंच लावून घासा, भाऊ म्हणेल पेंटरकडून नवी करून घेऊ, कुणीतरी व्हिडिओ पाठवेल की कोल्ड्रिंकमध्ये बुडवा. कुणाचंच ऐकू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक ही सगळी आम्लं. ती गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातात, आणि पोपड्याखाली जे उरतं ते धुऊन काढता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच नवा गंज धरतो.

नव्याने रंगवून घ्यायच्या सल्ल्यावर तर मी आता भांडतो. पाटीवर नुसतं 'पुणे २' असेल तर ती बहुधा १९७२ च्या आधीची, कारण पिन कोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आला. किंमत आण्यात असेल तर १९५७ च्या दशमान नाण्यांच्याही आधीची. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरची सही असते. वर ऑइल पेंटचा एक हात बसला की हे सगळं गेलं. पाटी आज जशी आहे तशी टिकवायची, एवढंच आपलं काम.

पाटी कसली आहे ते आधी बघा. काचेसारखी गुळगुळीत, नखाने टिकटिक वाजणारी, पोपडे नसलेली पण कडेला टवके उडालेली असेल तर ती एनॅमलची. लोखंडावर काचेची पूड साधारण ८०० अंशांना भाजून ती बनवतात. तिचं काम सोपं: धुवा, टवक्यातला सुटा गंज काढा, टॅनिक आम्ल लावा (हे चिंचेसारखं लोखंड खात नाही, उरलेल्या गंजाला काळा, स्थिर थर करतं), मेण चढवा. फक्त टवक्याच्या कडेत ब्लेड घालून उचकटू नका, काच आणखी उडते. हाताने रंगवलेली पाटी असेल तर पुढचं सगळं वाचा.

काम कोरड्या दिवसांत करा. दमट हवेत उघडं पडलेलं लोखंड बघता बघता तांबूस होतं. आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या: जुन्या पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ चा, त्यामुळे जुन्या पाटीत ते आहेच असं धरून चाला. पॉलिश पेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावायचा वायर ब्रश, काहीही नको. जेवणाच्या टेबलावर काम नको, पोरं आसपास नकोत, आणि पडलेली धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्या.

पोपडे बसवणं

जिकडेतिकडे पहिली पायरी म्हणून 'पाटी स्वच्छ धुवून घ्या' असं लिहिलेलं असतं. ज्याने हे लिहिलं त्याने पोपडे आलेली पाटी कधी हातात धरलेली नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. असा उचललेला रंग ओल्या फडक्याच्या पहिल्याच फेरीत निघून येतो, आणि नेमका अक्षरावरचा निघतो, कारण तिथे रंगाचे थर जास्त असतात. आधी पोपडे बसवायचे, पाणी नंतर. मलाही ही पायरी जमायला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

पाटी आडवी ठेवा, तोंड वर. कॅमेरा साफ करायच्या रबरी पंपाने पोपड्याखालची सुटी धूळ आणि गंजाची भुकटी हळूच उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते आणि थुंकीत पाणी असतं.

चिकटवायला फेव्हिकॉल नको, तो पाण्यातला आहे. फेव्हिक्विक तर नकोच, एकदा बसला की बसला. संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा अ‍ॅक्रिलिक राळेचा प्रकार घ्या. जतनाचं साहित्य विकणाऱ्यांकडे दाणे मिळतात. तो पिवळा पडत नाही आणि पुढे कधीही अ‍ॅसिटोनने काढता येतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत १०० मिली अ‍ॅसिटोनला ५ ग्रॅम दाणे मलमलच्या पुरचुंडीत टांगून रात्रभर ठेवा. तळाशी टाकलेत तर चिकट गोळा होऊन बसतो. अ‍ॅसिटोन भडकन पेटतं, त्यामुळे खिडकी उघडी, गॅस बंद आणि देवघरातली समईसुद्धा शांत झालेली हवी.

आधी चाचणी. कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर अ‍ॅसिटोनचा बोळा क्षणभर टेकवा. बोळ्यावर रंग आला तर तिथेच थांबा आणि पाटी जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात असं जतन केंद्र आहे, तिथे विचारा. जुना तेलाचा रंग बहुधा तग धरतो, छापील पाट्यांची शाई मात्र दगा देऊ शकते.

आता पंखा बंद करा. याकडे सगळे दुर्लक्ष करतात. पंख्याखाली अ‍ॅसिटोन इतकं झरझर उडतं की राळ आत न शिरता कडेलाच चकाकत बसते. बारीक ब्रशने द्रावणाचा एक थेंब पोपड्याच्या कडेला टेकवा, वरून चोपडू नका. थेंब आपोआप आत ओढला जातो, रंगाखाली ओलसर गडद सावली सरकताना दिसते. ती थांबली की दुसरा थेंब. आत जाणं बंद झालं की पाच-दहा मिनिटं तसंच सोडा.

मग दाबायचं. घाई केलीत तर पोपडा टक् करून मोडतो. बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ होतो, याचा फायदा घ्या: हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर लांबून, पत्रा कोमट लागेपर्यंत. वर बटर पेपर ठेवा आणि पोपडा जिथे पत्र्याला अजून धरून आहे तिथून मोकळ्या कडेकडे अंगठा सरकवत न्या. उलट दिशेने नाही. गार होईपर्यंत दाब सोडू नका. सुरळी झालेला जाड पोपडा एका बैठकीत सपाट होत नाही. आज अर्धा, उद्या उरलेला. तरीही ऐकला नाही तर थोडा उचललेलाच राहू द्या आणि खालची पोकळी दाट द्रावणाने भरा. सपाट दिसण्याच्या हट्टापायी आख्खं वेलांटीचं टोक गेलेलं मी पाहिलंय.

पोपड्याखालच्या गंजाचं काय, असं सगळे विचारतात. काही नाही. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं बाजारातलं तयार रसायन, तिथे घालू नका. त्यातलं पाणी आणि आम्ल आत अडकतं, आणि काही प्रकार वर काळी प्लॅस्टिकसारखी साय धरतात जी रंगासकटच निघते. कोरडा, राळेत भिजलेला गंज ओल मिळेपर्यंत गप्प बसतो.

बाकीचं

दुसऱ्या दिवशी धुवा, म्हणजे पुसा: बॅटरीत घालायचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीचं आम्ल नव्हे), भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा, आणि लगेच कोरडं.

जिथे रंग उरलेलाच नाही तिथला सुटा गंज बांबूच्या काडीने किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल ब्लेडने खरवडा. मग ५ टक्के टॅनिक आम्लाचं द्रावण फक्त तेवढ्याच डागावर लावा. तो निळसर काळा पडला की काम झालं.

उडालेली अक्षरं भरू नका. अगदी राहवत नसेल तर बी-७२ चा पातळ हात देऊन त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाने भरा, म्हणजे पुढच्याला काढता येईल.

वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासूनचं बारीक कणांचं मेण) पातळ हात. पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर नको, तो आवळतो आणि बसवलेला पोपडा ओढून काढतो. खोबरेल तेल खवट होतं आणि धूळ धरतं. गाडीच्या पॉलिशमध्ये घासणारी पूड असते.

पाठ मात्र विसरू नका, कारण ओल भिंतीकडून येते. आधी ती नीट बघा. पत्रा महाग होता तेव्हा जुनी पाटी उलटी करून वापरत, मागे आणखी जुनी अक्षरं निघू शकतात. नसतील तर गादीवर बटर पेपर पसरून पाटी पालथी घाला, हातानेच वायर ब्रश मारा आणि रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. इथे हात राखायचं कारण नाही.

टांगताना पितळी स्क्रू नकोत. ओलीत पितळ लोखंडाला गंजवतं. स्टेनलेसचे घ्या, नायलॉनचे वॉशर घाला, पाटी भिंतीपासून अर्धा इंच पुढे राहू द्या. ऊन येणारी भिंत टाळा, तापलेल्या पत्र्यावर बी-७२ मऊ पडून धूळ चिकटते. बाल्कनी नको, स्वयंपाकघर नको, आणि कोकणात घर असेल तर खिडकीसमोरची भिंतही नको, खारी हवा थेट लागते.

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर, खालची कड बोटाने चाचपून बघा. गंज तिथूनच सुरू होतो. बोटाला तांबूस भुकटी लागली तर तेवढ्याच जागी टॅनिक आणि मेण पुन्हा द्या. घरात सगळ्यांना, विशेषतः दिवाळीची साफसफाई करणाऱ्यांना सांगून ठेवा की पाटीवर काच पुसायचा स्प्रे मारायचा नाही.