ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्या: खेळाडू पारखताना या चुका टाळा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो सोहळा (एक निवड म्हणजे एक पिक). त्याचा तिसरा दिवस शनिवारचा. पहिली फेरी गुरुवारी वाजतगाजत झालेली असते, दुसरी-तिसरी शुक्रवारी, आणि मग चौथी ते सातवी एकाच बैठकीत उरकतात. तिकडे दुपारी बाराला सुरू होतं, भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. नावं इतक्या भराभर पुकारली जातात की टीव्हीवरच्या तज्ज्ञांनाही कागद चाळावे लागतात. आणि नेमक्या याच दिवशी चाहत्यांच्या ग्रुपवर सगळ्यात ठाम मतं पडतात. "लॉटरी लागली राव आपल्याला!" नाहीतर "हा कोण? पिक वाया घालवला."

दोन्ही मतं बहुतेक वेळा एकाच कारणाने चुकतात. पहिल्या फेरीची फूटपट्टी शनिवारी लावली जाते. गुरुवारी विचारायचं असतं, पोरगा किती चांगला आहे? शनिवारी विचारायचं, इतका चांगला असेल तर अजून शिल्लक कसा?

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी एक खुलासा. इथे बोली नसते. कितव्या क्रमांकावर निवडला यावर करार ठरतो, चार वर्षांचा. सहाव्या-सातव्या फेरीतल्या खेळाडूचा पगार नवख्यांच्या किमान पगाराइतकाच असतो, २०२५ मध्ये तो ८,४०,००० डॉलर होता. १८० आणि २५० या क्रमांकांत पैशाचा फरक फक्त सही करताना मिळणाऱ्या बोनसचा. त्यामुळे पैशाच्या हिशेबाने कुठलाच उशिराचा पिक महाग नसतो. खरी किंमत असते ५३ जणांच्या रोस्टरमधल्या, म्हणजे संघाच्या यादीतल्या, एका जागेची, आणि ती मोजायला लोक विसरतात.

"टॉम ब्रेडीसुद्धा सहाव्या फेरीतलाच"

हे वाक्य ऐकलं की समजायचं, पारख संपली आणि नवस सुरू झाला.

ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक (पास फेकणारे) गेले, पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. सगळं खरं. पण त्या सहांपैकी एक, स्पर्गन विन, त्याच सहाव्या फेरीत १८३ वा गेला होता. त्याची आठवण कोण काढतं? सातव्या फेरीतून आलेले आणि ऑगस्टमध्येच घरी परतलेले शेकडो जण आहेत, त्यांच्यावर माहितीपट निघत नाहीत. वाचलेल्यांकडे बघून नियम काढला की नियम फसतो.

ब्रेडीच्या गोष्टीतून घेण्यासारखं काही असेल तर ते निवडीच्या पुढचं. ड्रू ब्लेडसो पक्का असताना, शिवाय आणखी दोन क्वार्टरबॅक संघात असताना पेट्रियट्सनी या चौथ्याला रोस्टरवर ठेवलं. त्या वर्षी त्याने एकूण तीन पास फेकले, एक पूर्ण झाला, सहा यार्ड. त्या सहा यार्डांसाठी वर्षभर एक जागा अडवून ठेवायची तयारी बहुतेक संघांची नसते. ब्रॉक पर्डीचंही तसंच. २०२२ चा शेवटचा, २६२ वा पिक. आधी त्याच्या संघातला क्वार्टरबॅक ट्रे लान्स जायबंदी झाला, मग डिसेंबरमध्ये दुसरा, जिमी गॅरोपोलो, तेव्हा कुठे याला मैदान मिळालं. आयोवा स्टेट या कॉलेजकडून चार वर्षं खेळल्याची शिदोरी पर्डीकडे होती, ती उपयोगी पडलीच. पण ते दोघं धडधाकट राहिले असते तर आज आपण त्याचं नाव घेतलं असतं का, मला शंका आहे.

घसरला कशामुळे, हे न शोधणं

सगळ्यात मोठी चूक ही. दीडशे-दोनशे नावं होईपर्यंत प्रत्येक संघाने त्या खेळाडूला पाच-सहा वेळा नाकारलेलं असतं. सगळेच मूर्ख असतील असं धरून चालू नये. कारण शोधा, आणि मग बघा की ते कारण आपल्या संघाला लागू पडतं का.

कारण वैद्यकीय असेल तर चाहत्यांनी जरा जपून बोलावं, कारण रिपोर्ट संघांच्या डॉक्टरांकडे असतात, आपल्याकडे नसतात. ट्रे स्मिथचं उदाहरण बोलकं आहे. टेनेसी कॉलेजचा गार्ड (क्वार्टरबॅकपुढच्या लाइनमध्ये राहून अडवणारा), ताकदीला तोड नाही, पण कॉलेजात असताना फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या. २०२१ मध्ये तो थेट सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकावर चीफ्सना मिळाला. पहिल्या सामन्यापासून खेळला, आणि २०२५ मध्ये त्याने चार वर्षांचा ९.४ कोटी डॉलरचा करार केला. इथे खेळाबद्दल कुणालाच शंका नव्हती, प्रश्न फक्त धोका किती पेलायचा एवढाच होता. दुसऱ्या फेरीचा पिक पणाला लावून जो धोका परवडत नाही तो सहाव्या फेरीत परवडतो. अशी घसरण समजून घेता येते.

कारण "आकडे दिसत नाहीत" असं असेल तर कॉलेज संघाची खेळायची पद्धत बघा. जॉर्ज किटलने आयोवाकडून सगळ्या वर्षांत मिळून ४८ झेल घेतले. टाइट एंड म्हणजे पासही झेलणारा आणि ब्लॉकिंगही (समोरच्याला अडवणं) करणारा खेळाडू, त्याला हा आकडा अगदीच किरकोळ. पण आयोवा म्हणजे धावून खेळणारा संघ, त्यात टाइट एंडने आधी ब्लॉकिंग करायचं. कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांना, हाच गडी ४० यार्ड साडेचार सेकंदांच्या आसपास पळाला. फॉर्टी-नाइनर्सनी २०१७ मध्ये त्याला पाचव्या फेरीत १४६ वा घेतला, पुढच्याच वर्षी त्याने १,३७७ यार्ड केले. शरीर वेगवान, ब्लॉकिंग शिकलेलं, चेंडू फारसा मिळालेला नाही: शनिवारी असंच प्रोफाइल शोधायचं असतं. याच्या उलट प्रोफाइल, म्हणजे आकडे डोंगराएवढे आणि शरीर बेताचं, तिथे हात आखडता घ्यावा. विशेषतः खेळाडू २४ वर्षांचा असेल तर. कोविडमुळे अनेकांना कॉलेजचं एक वर्ष जास्त मिळालं, ट्रान्सफर करणं सोपं झालं आणि आता कॉलेजातच पैसेही मिळू लागले, त्यामुळे वयाने मोठे खेळाडू ड्राफ्टमध्ये वाढले. एकोणीस वर्षांच्या पोरांना चोवीस वर्षांच्याने झोपवलं, यात नवल कसलं?

कारण खेळायची जागा किंवा चण असेल तर प्रशिक्षकाकडे बघा. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) होता, मग कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) झाला, आणि २०११ मध्ये १५४ वा गेला. सीहॉक्सना लांब हातांचे उंच कॉर्नर हवेच होते. त्याच वर्षी ईगल्सनी जेसन केल्सीला १९१ वा निवडला. सेंटरच्या, म्हणजे लाइनच्या मधल्या खेळाडूच्या, मानाने तो हलका, साधारण २८० पौंडांचा. बाकीच्यांना ते कमी वाटलं, पण ईगल्सचे नवे लाइन प्रशिक्षक हॉवर्ड मड यांना चपळ, हलते लाइनमन आवडायचे. केल्सी पहिल्या वर्षी सोळाच्या सोळा सामने खेळला. "हा चांगला की वाईट?" या प्रश्नाला शेवटच्या फेऱ्यांत संघाचं नाव जोडल्याशिवाय उत्तर नसतं.

जॉर्डन मायलाटा हे याचं टोक. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला माणूस ईगल्सनी २०१८ मध्ये २३३ वा घेतला आणि लाइन प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांच्या हाती सोपवला. तो डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, झाला. पण पहिल्या दोन हंगामांत तो एकही सामना खेळला नव्हता. वाट बघणारा संघ नसेल तर असला पिक घेऊच नये.

वर्तणुकीची तक्रार किंवा पोलीस केस असेल तर "कमी भावात मिळाला" म्हणून टाळ्या वाजवू नका. एवढंच.

४० यार्डांचं भूत

सेकंदाच्या दहाव्या भागावर रात्रभर वाद घालणाऱ्यांना एवढंच विचारावं, की या जागेवरचा माणूस सामन्यात सलग चाळीस यार्ड पळतो तरी कधी? कॉर्नरला वेग लागतो. गार्डला पहिल्या दहा यार्डांची झेप आणि हातांची लांबी पुरते. हायलाइट्सच्या क्लिपांबद्दल तर बोलायलाच नको. त्यात कुणीच पडत नाही. शक्य असेल तर त्या वर्षीच्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा अख्खा सामना बघा. छोट्या कॉलेजचा खेळाडू असेल तर अलाबामा राज्यातल्या मोबाइल या शहरात होणाऱ्या सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या, सरावाचे व्हिडिओ काढा. तिथे समोर मोठ्या कॉलेजची पोरं असतात.

स्पेशल टीम्स विसरणं

पाचव्या रिसीव्हरने रविवारी काय करायचं असतं? पास झेलायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. त्याने स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, पंटमागे (प्रतिस्पर्ध्याकडे लांब मारलेल्या किकमागे) पळायचं असतं. हे ध्यानात घेतलं की शनिवारचे निम्मे पिक उलगडतात.

गनर बघायला शिका. पंटच्या वेळी अगदी कडेला उभा असतो तो. समोर एक, कधीकधी दोन जण त्याला अडवायला. चेंडू सुटला की पहिल्या दोन पावलांत त्याला त्यांच्या हातांतून निसटायचं असतं, बाउंड्रीबाहेर ढकललं न जाता. मग चाळीसेक यार्ड जिवाच्या आकांताने पळायचं, आणि शेवटच्या पाच यार्डांत वेग मारून कंबर खाली घ्यायची, कारण चेंडू झेलणारा आता डावीकडे जाणार की उजवीकडे हे ठाऊक नसतं. नवखे इथेच फसतात. भन्नाट येतात आणि तसेच पुढे निघून जातात. टेपवर हे शेवटचे पाच यार्ड बघा, ४० यार्डांच्या वेळेपेक्षा जास्त कळतं.

मॅथ्यू स्लेटर यूसीएलएमध्ये ना धड रिसीव्हर म्हणून गाजला, ना बचावात. पेट्रियट्सनी २००८ मध्ये त्याला १५३ वा घेतला तेव्हा हसणारे होतेच. सोळा हंगामांत त्याने एकच पास झेलला. आणि दहा वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या उत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला, सगळा स्पेशल टीम्सच्या जोरावर. टेरेल डेव्हिसही १९९५ मध्ये १९६ वा आलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा). ब्रॉन्कोसच्या डोळ्यांत तो पहिल्यांदा भरला तो टोकियोतल्या सरावसामन्यात, किकऑफवर केलेल्या एका सणसणीत टॅकलमुळे.

इथे एक दुरुस्ती करून घ्यायला हवी. २०२४ पासून किकऑफची मांडणी बदलली. दोन्ही बाजूंचे खेळाडू आता जवळजवळ उभे राहतात, लांबून धावत येऊन आदळणं संपलं, आणि परतीच्या धावा वाढल्या. त्यामुळे निव्वळ वेगवान "मिसाइल"पेक्षा कमी जागेत ब्लॉक सोडवणारा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला), आणि चेंडू परत घेऊन पळणारा बॅक, यांचा भाव वधारला आहे. जुने निकष घेऊन बसाल तर यंदाचे पिक विचित्र वाटतील.

"प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवू की"

ऑगस्टअखेर ९० खेळाडूंचे ५३ करायचे असतात. ज्याला काढलं तो नवखा आधी वेव्हरवर जातो, तिथे कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. कुणी नाही उचलला तरच तो आपल्या प्रॅक्टिस स्क्वाडवर (५३ बाहेरच्या सराव तुकडीत) येतो, आणि तिथेही दुसऱ्या संघाने आपल्या ५३ मध्ये जागा देऊ केली की तो जाऊ शकतो. पँथर्सनी २०१७ मध्ये हॅरिसन बटकर हा किकर २३३ वा निवडला. त्यांच्याकडे ग्रॅहम गॅनो होताच, म्हणून बटकरला प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवला. सप्टेंबरमध्ये चीफ्सचा किकर जायबंदी झाला, त्यांनी बटकरला नेला. पुढे सुपर बोल ५७ मध्ये आठ सेकंद उरले असताना विजयी किक त्याचीच. पँथर्सनी खेळाडू अचूक हेरला होता, जागा मात्र नव्हती.

म्हणून निवडीच्या दिवशीच डेप्थ चार्ट, म्हणजे कुठल्या जागेवर कोण कितवा याची यादी, उघडा. त्या जागेवर आधीच किती जण आहेत, कुणाचा करार संपतोय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? सातव्या फेरीच्या शेवटी खेळाडूंचे एजंटही हेच बघत असतात. अनेकांना तिथे निवडलं न गेलेलंच बरं वाटतं, कारण मग जिथे जागा रिकामी आहे तो संघ त्यांना स्वतः निवडता येतो. आपल्या संघाने २४० व्या क्रमांकावर तुम्हाला न पटणारा खेळाडू घेतला, तर ड्राफ्ट संपल्यावर तो नक्की इतरत्र गेला असता म्हणूनही घेतला असेल. अशा वेळी ड्राफ्टनंतर करारबद्ध केलेल्यांची यादी येईपर्यंत थांबा, मग संघाला गुण द्या. त्या यादीत तुमच्या आवडीचा गार्ड सापडला, तर हिशेब वेगळाच दिसेल.