साइडवॉकवरचा बर्फ : शिकागोच्या हिवाळ्यात या चुका टाळा

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला फुटपाथ म्हटले की महापालिका आठवते. तो तिने बांधायचा, तिनेच झाडायचा आणि काम नीट झाले नाही तर आपण तक्रार करायची, असा आपला सरळ हिशोब असतो. शिकागोत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली चूक याच हिशोबातून होते. रात्री प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारे ट्रक, रस्ता खरवडत आणि मीठ फेकत जाताना दिसतात, तेव्हा साइडवॉक, म्हणजे येथला फुटपाथही तीच यंत्रणा केव्हातरी साफ करील असे वाटून माणूस निर्धास्त झोपतो. प्रत्यक्षात रस्ता शहराने साफ करायचा असला, तरी घरालगतच्या साइडवॉकवरचा बर्फ काढण्याची जबाबदारी शहराच्या नियमाने त्या जागेचा मालक, भाडेकरू किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर टाकलेली आहे. त्यामुळे भाडेकराराच्या कागदात बर्फाविषयी काही लिहिलेले नसेल, तर फावडे कोणी उचलायचे हे घरमालकाला नोव्हेंबरमध्येच विचारून लेखी घेतलेले बरे.

दुसरी चूक वेळेची आहे. शिकागोत सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळात पडलेला बर्फ त्याच रात्री 10 वाजेपर्यंत आणि रात्रभरात पडलेला बर्फ सकाळी 10 वाजेपर्यंत काढावा लागतो. शनिवार-रविवारची सवलत नाही आणि दंड दिवसाला 500 डॉलरपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाने सांगितलेला नियम येथे लावू नये. न्यूयॉर्कमध्ये बर्फ दिवसा थांबला तर तेव्हापासून चार तास मिळतात, बॉस्टनमध्ये तीनच. शिकागोच्या उपनगरांचे नियमही सारखे नसल्याने आपल्या गावाच्या संकेतस्थळावर ते एकदा वाचून ठेवावेत.

दंडापेक्षाही उशीर महागात पडण्याचे कारण वेगळे आहे. मराठीत बोलताना आपण भुसभुशीत हिमाला आणि काचेसारख्या गोठलेल्या थराला एकाच 'बर्फ' शब्दाने उरकतो; पण साइडवॉकवर त्या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहाटे पडलेले हिम सात वाजता फावड्याने सहज सरकते. त्यावरून शाळेची मुले, टपालवाला आणि कुत्री फिरवणारे चार जण गेले, की पावलांखाली ते दाबले जाते, दुपारच्या उन्हात वरून थोडे वितळते आणि संध्याकाळी पारा उतरताच बुटांच्या ठशांसकट दगडासारखे होते. दहा मिनिटांच्या कामासाठी मग तासभर लोखंडी खरवडणीने टोचत बसावे लागते. हिमवृष्टी दिवसभर चालणार असेल, तर सगळे थांबण्याची वाट न पाहता दर दोन-तीन इंचांनंतर एक फेरी मारावी.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दारापासून कोपऱ्यापर्यंत फावड्याच्या रुंदीची, अगदी आखल्यासारखी सरळ वाट काढली होती आणि तिच्याकडे कौतुकाने पाहत स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत उभा होतो. तेवढ्यात शेजारची बाई बाबागाडी घेऊन आली. गाडीचे एक चाक वाटेत, दुसरे ढिगावर. दोनदा प्रयत्न करून ती शेवटी गाडी उचलून रस्त्यावर उतरली आणि मोटारींच्या कडेने पुढे गेली. शिकागोचा नियम किमान पाच फूट रुंद वाट मागतो, त्याचे कारण मला तेव्हा कळले. एका माणसाला चालता येईल एवढी जागा म्हणजे साइडवॉक मोकळा झाला असे नव्हे. चाकाची खुर्ची, वॉकर घेतलेले आजोबा आणि समोरून येणारा माणूस या सर्वांना तो पुरला पाहिजे.

याच कारणाने कोपऱ्यावरच्या घरांची जबाबदारी मोठी असते. त्यांना दोन्ही बाजू तर साफ कराव्या लागतातच, शिवाय रस्ता ओलांडण्यासाठी केलेला उतारही मोकळा ठेवावा लागतो. प्लाऊ गेला की नेमका या उताराच्या तोंडाशी शेताच्या बांधासारखा कठीण ढीग साचतो, आणि 'तो तर प्लाऊने टाकला' असे म्हणून प्रत्येक जण सोडून देतो. तो बांध फोडला नाही तर आतला साफ केलेला शंभर फुटांचा साइडवॉक चाकाच्या खुर्चीवरील माणसाला निरुपयोगी ठरतो. काढलेला बर्फ रस्त्यावर लोटणे ही त्याहून वाईट सवय आहे: ते नियमाविरुद्ध आहे, आणि पुढचा प्लाऊ तो परत तुमच्याच कडेला आणून ठेवतो. ढीग अंगणात किंवा साइडवॉक आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्यावर, ज्याला येथे पार्कवे म्हणतात, तेथे करावेत; फक्त अग्निशामक दलाचा हायड्रंट, बसथांबा आणि गटाराची जाळी त्याखाली गाडली जाऊ नये.

'बर्फ काढला आणि तरीही कोणी घसरून पडले तर खटला आपल्यावर होईल, त्यापेक्षा हातच लावू नये,' हा सल्ला मराठी मंडळींच्या गप्पांत मी अनेकदा ऐकला आहे. इलिनॉयपुरता तरी तो चुकीचा आहे. या राज्यात 1979 पासून असलेला कायदा निवासी मालमत्तेचा साइडवॉक साफ करणाऱ्याला, किंवा साफ करण्याचा प्रयत्न करणाऱ्याला, संरक्षण देतो. जाणूनबुजून केलेली किंवा बेदरकार कृती मात्र त्यात बसत नाही. दुकान किंवा उपाहारगृह चालवणाऱ्यांनी हे निवासी संरक्षण स्वतःला लागू आहे असे समजू नये.

मिठाच्या बाबतीत आपला हात सैल सुटतो. मीठ हे फावड्याला पर्याय नाही. आधी बर्फ काढून मग उरलेल्या पातळ थरावर ते विखुरायचे असते. साइडवॉकच्या साधारण दहा चौकोनांना कॉफीचा एक मोठा मग पुरतो. साधे खडे मीठ सुमारे 15 अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम करत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याची दुप्पट मात्रा ओतून काहीच साधत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे किंवा पकड मिळण्यासाठी वाळू टाकावी. जास्तीचे मीठ वसंतात वितळलेल्या पाण्याबरोबर गटारांत आणि नद्यांत जाते व एकदा मिसळलेले क्लोराइड सहज निघत नाही. गरम पाणी ओतण्याचा उपाय तर करूच नये, कारण काही मिनिटांत त्याचीच गुळगुळीत काच होते.

सगळे साफ करूनही एकाच जागी रोज बर्फ धरत असेल, तर वर पाहावे. बहुधा छताच्या पन्हळीचा नळ किंवा तळघरातील पंपाची नळी साइडवॉकच्या दिशेने सोडलेली असते. दुपारी वितळलेले पाणी तेथे येते आणि रात्री गोठते. तोंड अंगणाकडे वळवले की मिठाची अर्धी पिशवी वाचते.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा 'बसून काय करायचे' म्हणून फावडे हातात घेतात, तेव्हा त्यांना स्पष्टपणे अडवावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना अचानक केलेले हे कष्ट हृदयावर मोठा ताण आणतात. तरुणांनीही ओला बर्फ उचलून फेकण्याऐवजी ढकलावा. वयामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना हे जमत नाही, त्यांनी 311 वर फोन करून शहराच्या स्नो कॉर्प्स या स्वयंसेवी योजनेत मदत मागावी.

आपली सर्वांत मोठी गैरसोय मात्र लग्नसराईची असते. डिसेंबरच्या मध्याला घराला कुलूप लावून कुटुंब महिनाभर भारतात जाते आणि बर्फाची व्यवस्था कोणाच्याच लक्षात राहत नाही. दंडाची पावती घराच्या पत्त्यावर येते, आणि न उमटलेल्या पावलांचा अखंड पांढरा पट्टा घर रिकामे असल्याचे साऱ्या गल्लीला सांगतो. विमानाचे तिकीट काढतानाच शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाशी दर फेरीचे पैसे ठरवावेत, फावडे आणि मिठाची बादली मागच्या दाराशी त्याला दाखवून ठेवावी, आणि कोपऱ्यावरचा उतारही त्याच पैशांत धरला आहे हे आधीच सांगून टाकावे.