बोर्ड-प्रोसेसर बदलून विंडोज टाकताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी इंदूरच्या रामबागेतले एक काका पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. मंडळाच्या स्मरणिकेची सगळी पानं त्यांनी स्वतः टाइप केली होती. जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून त्यांनी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून घेतली आणि त्याच डिस्कवर नवं विंडोज टाकून घेतलं. फाइली आधी पेनड्राइव्हवर काढल्या होत्या, त्यामुळे ते निश्चिंत होते. पण फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

मजकूर जागेवरच होता, गेला होता तो फॉन्ट. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट युनिकोड नसतात, म्हणजे त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की अक्षरं ओळखू येत नाहीत. आणि ते सहसा असतात सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, जो फॉरमॅटबरोबर जातो. सुदैवानं काकांच्या जुन्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट सापडला आणि पानं परत वाचता आली. इंदूरला मराठी मंडळांचं, शाळांचं, पत्रिका छापणाऱ्यांचं कितीतरी काम अजून या फॉन्टमध्ये पडून आहे. म्हणून सांगतो, फाइलींबरोबर फॉन्टही कॉपी करा.

खरं तर विंडोज टाकणं हा या कामातला सोपा भाग. बिघडतं ते आधी, जुनं मशीन चालू असताना त्याला जे विचारून घ्यायचं ते राहून जातं म्हणून. सिल्व्हर मॉलला, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजारात, पार्ट आणायला निघण्याआधी अर्धा तास त्या जुन्या मशीनसमोर बसा.

‘डेस्कटॉप कॉपी केला, झालं’

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा साधारणपणे सी ड्राइव्हच्या युजर्समधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असतो. आपण आपल्या नावाचा फोल्डर उचलतो आणि वर्षाचे हिशेब मागे राहतात. टॅली उघडून कंपनीच्या डेटाचा पाथ बघा, तिथून बॅकअप घ्या, आणि लायसन्स त्या मशीनवरून सरेंडर करा, म्हणजे मोकळं करा. हा पर्याय टॅलीतच आहे. शक्य असेल तर जुनी डिस्क फॉरमॅटच करू नका. नवी एसएसडी घ्या आणि जुनी महिनाभर तशीच बाजूला ठेवा.

बिटलॉकरची किल्ली न घेणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन. आपण ते कधी चालू केलं नसलं तरी मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलेल्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. तिचं कुलूप किल्ल्या सांभाळणाऱ्या टीपीएमशी बांधलेलं असतं, आणि टीपीएम असतो बोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आत. पार्ट बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल आणि जुना पार्टही परत बसवता येत नसेल तर डेटा परत मिळवायचा रस्ता नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

एएमडीच्या बोर्डवर फक्त प्रोसेसर बदलला तर पहिल्याच वेळी काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या टीपीएमबद्दल, एक सूचना येते: वाय दाबा किंवा एन. घाईत लोक वाय दाबतात. वाय म्हणजे जुन्या किल्ल्या पुसून टाकणं. की हातात नसेल तर एन दाबा, मशीन बंद करा, जुना प्रोसेसर परत बसवा आणि आधी की काढून घ्या. त्याहून बरं म्हणजे पार्ट काढण्याआधीच सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होऊ देणं. की कागदावर लिहा. त्याच मशीनवर फाइल करून ठेवली तर उपयोग नाही.

पहिल्या स्टार्टला घाबरणं

डीडीआर५ रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड तेव्हा रॅमची जुळणी करत असतो. पंखे फिरतायत आणि चित्र नाही म्हणून बटण दाबून बंद करू नका, चहा टाका. तरीही काही दिसलं नाही तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं, त्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही.

रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्सपो, विंडोज टाकून झाल्यावर चालू करा. फाइल कॉपी होताना मधेच एरर येत असेल तर बहुतेक जण पेनड्राइव्हला दोष देतात, पण कित्येकदा दोषी असते रॅम.

सगळ्या डिस्क जोडलेल्या ठेवणं

माझ्या भाच्यानं नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडलेली होती. चार महिने सगळं छान चाललं. मग हार्ड डिस्क खराब झाली म्हणून काढली आणि मशीन सुरूच होईना. विंडोज एसएसडीवर होतं, पण ते सुरू करणाऱ्या बूट फाइली इन्स्टॉलरनं जुन्या डिस्कवरच्या आधीच्या बूट पार्टिशनमध्ये ठेवल्या होत्या. म्हणून विंडोज टाकताना ज्या डिस्कवर टाकायचंय तेवढीच जोडा, बाकीच्यांच्या साटा केबल काढा. चुकीची डिस्क पुसली जायची भीतीही त्यातच जाते.

जुनीच डिस्क वापरताय आणि ‘एमबीआर’ (पार्टिशनची जुनी पद्धत) म्हणून इन्स्टॉलर अडतोय? मग बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय, चालू करायचा मोह होतो. करू नका, त्यानं सिक्युअर बूटची सोय जाते आणि विंडोज ११ ला ती लागते. बॅकअप खात्रीनं झाला असेल तर पेनड्राइव्ह बूट मेनूतल्या ‘यूईएफआय’ लिहिलेल्या नावानं सुरू करा आणि त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवून रिकाम्या जागेवर विंडोज टाका. जीपीटी, म्हणजे पार्टिशनची नवी पद्धत, इन्स्टॉलर स्वतः करून घेतो.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर बायोसमधलं व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळणारी इंटेलची सोय, चालू आहे का ते तपासा; तिचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही.

नेटचा ड्रायव्हर

विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागतं, आणि नव्या बोर्डचं लॅन-वायफाय त्याला ओळखता येत नाही, असं बरेचदा होतं. बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. राहिलंच तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम भागतं.

ॲक्टिव्हेशन

डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डवरून ओळखलं जातं. जुन्या मशीनवरच सेटिंग्जच्या ॲक्टिव्हेशनमध्ये जाऊन ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. नव्या मशीनवर तीच एडिशन टाका, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. मग त्याच खात्यानं साइन इन करून ट्रबलशूटमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडा. मात्र तयार मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डपुरतंच असतं, त्यामुळे तिथे नव्या लायसन्सचे पैसे पार्टच्या हिशेबात आधीच धरा.