वुदरिंग हाइट्स: सिनेमा बघायच्या आधी एवढं करा

फेब्रुवारीत २०२६ चा नवीन वुदरिंग हाइट्स लागला तेव्हा माझी मामेबहीण पणजीला जाऊन बघून आली, रात्री फोन केला, आवाज अजून भरलेला, म्हणे "किती प्रेम करतो गो तो तिच्यावर!" मला झोपच लागली नाही, कारण कादंबरीतला नायक हीथक्लिफ, नायिका कॅथरीनच्या नणंदेला, इझाबेलाला, पळवून नेतो त्या रात्री तिच्याच कुत्र्याला रुमालाने हुकाला लटकवतो. तो माणूस हिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

आधी पुस्तक वाचा. एकूण ३४ प्रकरणं आहेत, रोज दोन घेतली तर १७ दिवसांत होतात. एमिली ब्राँटेची ही एकच कादंबरी, १८४७ ला आली आणि पुढच्याच वर्षी ती गेली, वय फक्त ३०. गोष्ट घडते तो यॉर्कशायरचा मूर, म्हणजे उघडंबोडकं माळरान, डोळ्यासमोर येत नसेल तर पावसाळ्यात आपल्याकडच्या एखाद्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, जाऊन उभं राहा. आडोसा म्हणून एक झाड नाही, वारा छत्री उलटी करतो, आणि पायाखाली कातळावर सीतेच्या आसवांचा जांभळा थर. अशा ठिकाणी हीथक्लिफ आणि कॅथरीनसारखी दोन पोरं दिवसदिवस एकटी भटकत वाढली की एकमेकांशिवाय त्यांना दुसरं जगच उरत नाही, हे मला सड्यावर उभं राहूनच कळलं.

नववं प्रकरण मात्र दोनदा वाचा. कॅथरीन स्वयंपाकघरात घरकाम बघणाऱ्या नेलीला सांगते की हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी पायरी खाली येईल, तो बाकामागे ऐकत असतो, एवढंच ऐकून उठून जातो, आणि "तो माझ्यापेक्षाही जास्त मी आहे" हे ती त्यानंतर बोलते. सिनेमात हा सीन आला की पॉज करा आणि कॅमेरा कोणाबरोबर थांबलाय ते बघा, त्याच्यासोबत बाहेर जातो की तिच्याजवळ राहतो, डायरेक्टर कोणाच्या बाजूचा आहे ते इथे बऱ्यापैकी समजतं.

दुसरं म्हणजे सिनेमा कुठे संपतो ते बघायचं. कॅथरीन पुस्तकाच्या मध्यावरच मरते. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉनचा १९३९ चा सिनेमा (ही ओबेरॉन आपल्या मुंबईत जन्मलेली) तिच्या मरणानंतर लगेच आटोपतो, वर दोघांची भुतं एकत्र चालताना दाखवतो. मग ती गोड शोकांतिका होते. कॅथरीनच्या भावाच्या, हिंडलीच्या, मुलाला मुद्दाम अडाणी ठेवणं, कॅथरीनच्या मुलीला घरात कोंडून आपल्या आजारी पोराशी लग्न लावणं, हे सगळं दुसऱ्या पिढीत आहे, ते काढलं की हीथक्लिफ धुतल्या तांदळासारखा. १९९२ च्या सिनेमात ही पिढी आहे, ज्युलिएट बिनोश आई आणि मुलगी दोन्ही करते, म्हणून मी पहिला तोच बघायला सांगते. मग २०११ चा अँड्रिया अर्नोल्डचा, जवळजवळ चौकोनी फ्रेम, बोलणं कमी, चिखल आणि वारा जास्त. दिलीपकुमार-वहीदाचा १९६६ चा 'दिल दिया दर्द लिया' पण ह्याच गोष्टीवरून घेतलाय, घरी आईबाबा असतील तर तो लावा.

बघताना वहीत दोन रकाने करा, एकात तो काय बोलतो, दुसऱ्यात तो काय करतो. बोलण्याचा रकाना इतका सुंदर भरतो की आपण भुलतोच, मी पण कॉलेजात भुलले होते. दुसरा रकाना भरायला धीरच लागतो.

आणि एकट्याने बघू नका. आम्ही फोंड्याला रविवारी चौघी जमलो, सिनेमा लावायच्या आधी तेराव्या प्रकरणातलं इझाबेलाचं पत्र मामेबहिणीला मोठ्याने वाचायला दिलं, ज्यात ती विचारते की हा माणूस आहे का, असला तर वेडा आहे का, आणि नसला तर सैतान आहे का. ती मध्येच थांबली. चहा तसाच गार झाला. मग म्हणाली, "हिला न्यायला कोणीच कसं गेलं नाही गो?"