मोसम संपल्यावर ड्रम कोअरच्या चाहत्यांनी काय ऐकावे

ड्रम कोअर म्हणजे मैदानावर संचलन करत पितळी वाद्ये आणि ड्रम वाजवणारे पथक. अशा पथकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतील ड्रम कोअर इंटरनॅशनलचा मोसम ऑगस्टमधील अंतिम फेरीने संपला, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच त्या सादरीकरणांची पारायणे करण्यापेक्षा त्यांतील संगीताची मुळे शोधून ऐकावीत. मॅडिसन स्काउट्स या कोअरच्या १९८८ च्या विजेत्या सादरीकरणातील ‘मालागेन्या’ ही मुळात क्यूबाचे संगीतकार एर्नेस्तो लेकुओना यांची पियानोरचना आहे. ती आधी एकट्या पियानोवर ऐकावी, मग स्टॅन केंटन यांच्या जॅझ बँडसाठी बिल होलमन यांनी केलेले रूपांतर ऐकावे आणि मैदानावरचे ध्वनिमुद्रण शेवटी लावावे. कोअरमध्ये सॅक्सोफोन नसतो, त्यामुळे केंटन यांच्या बँडमधील सॅक्सोफोनच्या ओळी कोणत्या पितळी वाद्यांकडे गेल्या, याकडे कान द्यावा. खरी गंमत तिथेच आहे. एरवी गर्दीच्या गोंगाटात हे कळणे कठीणच.

हे जमू लागल्यावर स्टार ऑफ इंडियाना या कोअरचे १९९३ चे सादरीकरण घ्यावे. त्यामागे बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या रचना आहेत, आणि बार्टोक पहिल्या ऐकण्यात आवडला नाही, तरी आठवडाभराने पुन्हा लावून पाहावा. हेडफोनचा आवाज मात्र बेताचाच असावा, कारण पितळी वाद्यांचा जोर अचानक चढतो.