बाळाला पुस्तकाची गोडी लावताना

सहा-सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, पुस्तकसुद्धा. घालू द्या. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कोपऱ्यांचं पुस्तक आणा, ते ओल्या फडक्याने पुसता येतं. कपाटात वर ठेवू नका, खेळण्यांच्या टोपलीतच असू द्या.

मजकूर संपवायची घाई नको. बाळाला मांडीवर घ्या, चित्रावर बोट ठेवा, "ही बघ माऊ! माऊ कशी बोलते?" असं विचारून जरा थांबा. ते हुंकार देईल, नाहीतर पानावर थाप मारेल. तेच त्याचं उत्तर. दोन पानांनंतर रांगत निघून गेलं तर जाऊ द्या. धरून बसवलं की पुस्तक नकोसं होतं.

दीड-दोन वर्षांचं मूल रोज तीच गोष्ट मागतं. आपल्याला कितीही कंटाळा आला तरी तीच वाचा. गोष्ट पाठ झाली की ओळीतला शेवटचा शब्द गाळून बघा. तो शब्द मूल स्वतः ठणकावून सांगतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा खरंच बघण्यासारखा असतो!

पुस्तकांचा खर्च जड जात असेल तर 'प्रथम बुक्स' या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत मिळतात. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापून घ्या.